आंतरराष्ट्रीय क्युरेटरने कोणते काम आधी करावे आणि कोणते नंतर

समकालीन दृश्यकलेत आंतरराष्ट्रीय क्युरेटर, म्हणजे कलाकृती निवडून प्रदर्शन रचणारी व्यक्ती, म्हणून काम करू इच्छिणाऱ्यांचे प्रस्ताव बहुधा एकाच कारणाने परत येतात: त्यांत विषय असतो, पण कलाकृती नसतात. दोन पाने सिद्धांत असतो, खाली नामवंत कलावंतांची यादी असते आणि त्यांपैकी एकाशीही बोलणे झालेले नसते. दुसरी चूक याच्या उलट टोकाची आहे. प्रस्ताव मंजूर होतो, कलाकृतीही ठरतात. पण त्या एका देशातून दुसऱ्या देशात न्यायच्या आणि सुखरूप परत पाठवायच्या आहेत, याचा विचार उद्घाटनाला सहा आठवडे उरल्यावर सुरू होतो. या लेखात कामाचा क्रम दिला आहे. तो उलटला की खर्च वाढतो आणि नाव खराब होते. या क्षेत्रात नाव खराब झाल्याचे तोंडावर कोणी सांगत नाही. फक्त पुढचे पत्र येत नाही.

सुरुवातीपूर्वी ठरवायच्या गोष्टी

पहिला निर्णय नोकरीचा आहे. संग्रहालयातील क्युरेटर एका संग्रहाशी आणि एका इमारतीशी बांधलेला असतो. स्वतंत्र क्युरेटरला मात्र प्रत्येक प्रदर्शनासाठी नवी संस्था, नवा करार आणि नवे अंदाजपत्रक लागते. त्याचे मानधन बहुधा हप्त्यांनी मिळते आणि शेवटचा हप्ता अनेकदा प्रदर्शन संपल्यावर हाती येतो. त्यामुळे पहिली काही वर्षे लेखन, अध्यापन, भाषांतर किंवा एखाद्या संस्थेतील समन्वयाचे काम जोडीला ठेवावे लागते. या जोडकामांत माझ्या मते सर्वांत उपयुक्त काम म्हणजे रजिस्ट्रारच्या, म्हणजे कलाकृतींच्या नोंदी आणि हालचाल सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, हाताखालची मदतनिशी. तेथे कलाकृतींची ये-जा, विमा आणि स्थिती अहवाल (कलाकृतीच्या अवस्थेची लेखी नोंद) हाताळायला मिळतात आणि पुढे क्युरेटर म्हणून नेमक्या याच ठिकाणी होणाऱ्या चुका टळतात.

दुसरा निर्णय शिक्षणाचा. लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ आर्ट आणि अमेरिकेतील बार्ड कॉलेज यांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम, ॲमस्टरडॅममधील डे ॲपेल या कलासंस्थेचा मोजक्या सहभागींसाठीचा कार्यक्रम आणि न्यूयॉर्कच्या इंडिपेंडंट क्युरेटर्स इंटरनॅशनल या संस्थेचे अल्पमुदतीचे वर्ग हे या क्षेत्रातील परिचित मार्ग आहेत. पदवीवाचून काम अडतेच असे नाही. पदवीतून खरे मिळतात ते सहाध्यायी, कारण दहा वर्षांनी तेच निरनिराळ्या संस्थांत निर्णय घेणाऱ्या जागी असतात. कर्ज काढून मोठा अभ्यासक्रम करण्याचा विचार असेल, तर आधी अल्पमुदतीचा वर्ग करून पाहावा.

तिसरी गोष्ट अभ्यासाच्या क्षेत्राची. ‘समकालीन कला’ हे क्षेत्र नव्हे. ध्वनीवर आधारित मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन), विणकामाचा पुनर्विचार करणारे कलावंत, एखाद्या प्रदेशातील व्हिडिओकलेची तीन दशके असे काहीतरी नेमके निवडावे, म्हणजे त्या बाबतीत दुसरा कोणीही आधी तुम्हालाच विचारील.

१. पाहण्याची नोंदवही

क्युरेटरचा कच्चा माल म्हणजे प्रत्यक्ष पाहिलेल्या कलाकृती. प्रदर्शनात फोनवर छायाचित्रे काढणे म्हणजे नोंद नव्हे. वर्षभराने त्या छायाचित्रांतून कलाकृतीचा आकारही उमगत नाही. प्रत्येक प्रदर्शनासाठी एक पान ठेवून त्यावर दालनाचा हातनकाशा काढावा. कोणती कलाकृती कोणत्या कलाकृतीशेजारी होती, प्रेक्षक कोठून आत येत होते, प्रोजेक्टरचा आवाज पलीकडच्या खोलीत जात होता का, लेबल वाचायला लोक किती वाकत होते, हे लिहावे. मग निवडक कलाकृतींची तांत्रिक नोंद करावी: कलावंत, शीर्षक, वर्ष, माध्यम, उंची, रुंदी, खोली, आवृत्तीची संख्या (त्या कामाच्या एकूण किती प्रती आहेत) आणि मालक. मालकाचे नाव बहुधा लेबलच्या शेवटच्या ओळीत असते आणि कलाकृती प्रदर्शनासाठी कर्जाऊ, म्हणजे काही काळ उसनी, मागण्याचे पत्र पुढे नेमके त्याच पत्त्यावर जाते.

नोंदीत आपले मत लिहावे, पण वेगळ्या शाईने. तीन वर्षांनी वही उघडल्यावर वस्तुस्थिती आणि मत यांची गल्लत झालेली असेल, तर दोन्ही निरुपयोगी ठरतात.

तपासणी: वहीतील कोणतीही पाच पाने उघडावीत. त्यांवरून त्या कलाकृती नेमक्या किती लांबीच्या भिंतीवर बसतील हे सांगता येत नसेल, तर नोंद अपुरी आहे.

२. स्टुडिओ भेट

भेटीपूर्वी कलावंताचे किमान मागील काही वर्षांचे काम आणि त्यावर छापून आलेले लेखन वाचलेले असावे. भेटीचा हेतू पत्रातच स्पष्ट करावा: ‘सध्या अमुक विषयावर संशोधन चालू आहे, कोणतेही प्रदर्शन निश्चित नाही’. हे वाक्य संकोचापोटी गाळले जाते आणि पुढचे गैरसमज तेथूनच सुरू होतात.

भेटीत कलावंताने दाखवायला काढून ठेवलेल्या कामांवरच थांबू नये. भिंतीला पाठ करून ठेवलेले, अर्धे राहिलेले किंवा गुंडाळलेले काम पाहायला मिळेल का, असे विचारावे. नकार आला तर तो मानावा. ‘हे कशाविषयी आहे?’ या प्रश्नाला तयार उत्तर मिळते. ‘हे इतक्याच आकाराचे का आहे?’ किंवा ‘यातले काय काढून टाकले?’ असे विचारले की खरे बोलणे सुरू होते. निघण्यापूर्वी कलाकृती कोणाकडे आहेत, कोणती गॅलरी कलावंताचे काम पाहते आणि यांतील कोणते काम पूर्वी कोठे दाखवले गेले आहे, हे विचारून घ्यावे. त्याच दिवशी सायंकाळी नोंद लिहावी आणि आठवड्याच्या आत आभाराचे पत्र पाठवावे.

आज जगभर नावाजलेले स्विस क्युरेटर हान्स उलरिख ओब्रिस्ट यांनी १९९१ मध्ये स्वित्झर्लंडच्या सेंट गालनमधील आपल्या स्वयंपाकघरात पहिले प्रदर्शन भरवले, हे उदाहरण नवख्यांना नेहमी दिले जाते. ‘जागा छोटी चालते’ इतकाच बोध त्यातून घेतला जातो. त्या स्वयंपाकघरात फिश्ली आणि वाइस व क्रिस्तियाँ बोल्तान्स्की अशा नामवंत कलावंतांची कामे होती आणि ती तेथे येऊ शकली, कारण ओब्रिस्ट शाळकरी वयापासून कलावंतांच्या स्टुडिओंत जात होते, ही बाजू मात्र सांगायची राहून जाते.

सावधान: भेटीत प्रदर्शनाचे, विक्रीचे किंवा एखाद्या संग्राहकाशी ओळख करून देण्याचे आश्वासन देऊ नये. ज्या कलावंताचे प्रदर्शन मांडायचे आहे त्याच्या विक्रीतून दलाली घेणे तर टाळावेच. संग्रहालयात काम करणाऱ्यांना अशा व्यवहारांत पडण्यास आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेची आचारसंहिता मनाई करते आणि स्वतंत्र क्युरेटरकडूनही संस्था तीच अपेक्षा ठेवतात.

३. संकल्पना टिपण

‘स्थलांतर, स्मृती आणि ओळख’ ही संकल्पना नव्हे. त्या तीन शब्दांखाली कोणतीही कलाकृती बसते आणि म्हणूनच कोणतीही अपरिहार्य ठरत नाही. टिपणाची सुरुवात दोन-तीन ठोस कलाकृतींपासून करावी आणि त्या शेजारी ठेवल्यावर काय दिसते, जे एरवी दिसले नसते, हे लिहावे.

उदाहरणादाखल ‘कार्यालयीन कागद हेच माध्यम’ असा विषय घेऊ. कलावंत तेहचिंग शे यांनी १९८०–८१ मध्ये वर्षभर दर तासाला हजेरीच्या यंत्रात कार्ड घातले आणि प्रत्येक वेळी १६ मिमी फिल्मची एक चौकट टिपली. हान्स हाके यांच्या १९७१ च्या ‘शापोल्स्की’ या कामात न्यूयॉर्कमधील इमारतींची शंभराहून अधिक छायाचित्रे आणि सार्वजनिक दप्तरांतून घेतलेली मालकीची माहिती आहे. गुगेनहाइम संग्रहालयाने त्या वर्षीचे त्यांचे प्रदर्शन ज्या कामांमुळे रद्द केले, त्यांत ते होते. एड्रियन पायपर यांच्या ‘द प्रॉबेबल ट्रस्ट रजिस्ट्री’मध्ये प्रेक्षक स्वागतकक्षासारख्या मेजापाशी उभे राहून स्वतःच्या वर्तनाविषयीच्या करारावर सही करतात, २०१५ च्या व्हेनिस बिनालेत (दर दोन वर्षांनी भरणारे आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन) त्यासाठी पायपर यांना सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला. पहिल्यात कागद वेळ मोजतो, दुसऱ्यात सत्ता उघडी पाडतो, तिसऱ्यात प्रेक्षकालाच बांधून घेतो. आता विषयाला धार आली.

शिवाय प्रत्येक कलाकृती आपला व्यावहारिक प्रश्न सोबत घेऊन येते. शे यांच्या कामाला कार्डे लावण्यासाठी लांबच लांब भिंत आणि चित्रफितीची सोय हवी. हाके यांच्या कामाला प्रेक्षक जवळ जाऊन वाचू शकेल असा प्रकाश हवा आणि तो छायाचित्रांना सोसवेल इतकाच हवा. पायपर यांच्या मेजांमागे प्रदर्शन उघडे असेतोवर माणसे बसलेली लागतात, म्हणजे त्यांच्या पगाराची तरतूद हवी, आणि सह्या करणाऱ्यांची नावे नोंदली जातात म्हणून वैयक्तिक माहितीविषयीचे स्थानिक नियमही पाहावे लागतात. असे प्रश्न टिपणासोबत वेगळ्या कागदावर लिहून ठेवावेत. अंदाजपत्रकाचा पहिला मसुदा तोच असतो.

तपासणी: टिपणातील कलावंतांची नावे झाकून ते परक्या माणसाला वाचायला द्यावे. कोणत्या प्रकारच्या कलाकृती दिसतील हे त्याला सांगता आले, तरच पुढे जावे.

४. संस्था निवडणे आणि प्रस्ताव पाठवणे

मोठ्या बिनालेंना प्रस्ताव पाठवण्यात श्रम घालवू नयेत. व्हेनिसचा क्युरेटर बिनालेचे संचालक मंडळ नेमते. जर्मनीतील कासेलच्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनासाठी निवड समिती कलादिग्दर्शक शोधते. तेथे अर्जाने प्रवेश होत नाही. नवख्या क्युरेटरसाठी योग्य ठिकाणे म्हणजे क्युरेटरांकरिता असलेल्या रेसिडेन्सी (संस्थेत काही काळ राहून काम करण्याची सोय), कलावंतांनी चालवलेल्या जागा, विद्यापीठांची कलादालने आणि खुले आवाहन करणाऱ्या संस्था. न्यूयॉर्कची एपेक्सआर्ट ही संस्था ५०० शब्दांपर्यंतचे प्रस्ताव चित्रांशिवाय मागवते. तेथे अर्ज करायचा नसला तरी त्या मर्यादेत आपली कल्पना लिहून पाहावी. चित्रे काढून घेतली की टिपणातील पोकळ वाक्ये आपोआप उघडी पडतात.

प्रस्तावापूर्वीचा क्रम असा: आधी संस्थेची किमान दोन-तीन प्रदर्शने, प्रत्यक्ष किंवा निदान त्यांच्या दस्तऐवजांतून, अभ्यासावीत. नंतर दालनाचा मोजमापांसह नकाशा मागवावा. मग यादीतील प्रत्येक कलावंताची तत्त्वतः संमती लेखी घ्यावी आणि त्यानंतरच प्रस्ताव पाठवावा. प्रस्तावात टिपण, कलाकृतींची यादी, नकाशावरील मांडणी, वेळापत्रक, अंदाजपत्रक आणि एका पानाचा परिचय असावा. परिचयात समन्वयक किंवा सहायक म्हणून केलेले काम ‘क्युरेटर’ म्हणून लिहू नये. हे वर्तुळ दिसते त्याहून फार लहान आहे आणि खात्री करायला एक फोन पुरतो.

सावधान: कलावंताला न विचारता त्याचे नाव प्रस्तावात घालणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी आणि सर्वांत कमी वेळा माफ होणारी चूक आहे.

५. अंदाजपत्रक

कलावंतांचे मानधन पहिल्या ओळीत लिहावे. ते शेवटी लिहिले की ‘प्रसिद्धी मिळेल’ या सबबीखाली तेच आधी कापले जाते. कलावंतांना मानधन मिळावे यासाठी न्यूयॉर्कमध्ये २००८ पासून काम करणाऱ्या ‘वेज’ या गटाने संस्थेच्या वार्षिक खर्चाशी जोडलेले किमान दर ठरवले आहेत. अन्य ठिकाणी ते बंधनकारक नसले, तरी वाटाघाटीत आधार म्हणून उपयोगी पडतात. त्याखाली नवी निर्मिती, क्रेट (कलाकृती नेण्याच्या लाकडी पेट्या), जातानाची आणि परतीची वाहतूक, विमा, सीमाशुल्काची कागदपत्रे, प्रवास व व्हिसा, दृकश्राव्य उपकरणे, भिंती व रंगकाम, भाषांतर, छपाई, छायाचित्रण आणि क्युरेटरचे मानधन या ओळी येतात. एकूण रकमेच्या सुमारे १० टक्के अनपेक्षित खर्चासाठी राखून ठेवावेत.

परतीची वाहतूक विसरली जाते, हे वाचताना खरे वाटणार नाही. पण अंदाजपत्रकांत ती ओळ खरोखरच नसते. चलनाच्या दरातील चढउतारांमुळे आणि कलावंताच्या मानधनातून स्रोतावर कापल्या जाणाऱ्या करामुळे येणारी तूटही अशीच उशिरा लक्षात येते. करार कोणत्या चलनात आहे आणि कर कोण भरणार, हे आधीच लिहून घ्यावे.

६. कर्जाऊ करार, विमा आणि सीमा

या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्यावा. संग्रहालयाकडून कलाकृती हवी असेल, तर मागणीचे पत्र निदान सहा महिने आणि मोठ्या संग्रहालयाच्या बाबतीत वर्षभर किंवा त्याहूनही आधी जावे. पत्रासोबत यजमान संस्थेचा सुविधा अहवाल जातो. दालनातील तापमान, आर्द्रता, प्रकाश, पहारा, अग्निशमन, दरवाज्यांची आणि लिफ्टची मापे त्यात असतात. लिफ्टची मापे वाचण्याचा कंटाळा करू नये. दालनात मावणारी कलाकृती दारातच अडकते.

हवामानाच्या अटी वाटाघाटीने ठरतात. अनेक मालक अजूनही सुमारे २० अंश सेल्सिअस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता, तीही ५ टक्के इकडेतिकडे, मागतात. मोठ्या संग्रहालयांच्या बिझो गटाने मात्र बहुतेक वस्तूंसाठी १६ ते २५ अंश आणि ४० ते ६० टक्के असा रुंद पल्ला स्वीकारला आहे. आपल्या जागेला जे जमणार नाही ते कबूल करू नये. कागद आणि कापड यांवरील कामांसाठी ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) आसपासचा प्रकाश धरून चालावे.

विमा ‘खिळ्यापासून खिळ्यापर्यंत’ असावा, म्हणजे कलाकृती मालकाच्या भिंतीवरून उतरल्यापासून परत तिथे चढेपर्यंत. दालनात असतानाच्या काळाचाच विमा काढून वाहतूक उघडी ठेवणे ही महाग पडणारी चूक आहे. विम्याचे मूल्य मालकाकडून लेखी घ्यावे. करारातील श्रेयओळ (कलाकृती कोणाच्या सौजन्याने आली हे सांगणारी ओळ) जशीच्या तशी लेबलवर उतरवावी.

व्हिडिओकलेच्या बाबतीत वाहतूक सोपी वाटते, म्हणून करार सैल ठेवला जातो. आवृत्तीतील कोणती प्रत दाखवली जाणार, प्रदर्शनासाठी वेगळी प्रत मिळणार का, पडद्याचा आकार आणि आवाजाची पातळी कोण ठरवणार, आणि शेवटी ती प्रत परत करायची की नष्ट करून तसे लेखी कळवायचे, हे करारात असावे.

सीमा ओलांडताना तात्पुरत्या आयातीसाठी एटीए कार्ने हा दस्तऐवज वापरता येतो. मात्र दोन्ही देश त्या व्यवस्थेत असायला हवेत. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते आणि एकदा काढल्यावर त्यातील यादीत वस्तू वाढवता येत नाही. विकायच्या कलाकृतींसाठी तो नाही. प्रदर्शनात काम विकले गेले आणि तिथेच राहिले, तर आयातशुल्काचा प्रश्न उभा राहतो. अखंड लाकडाच्या क्रेटवर आंतरराष्ट्रीय कीडनियंत्रण मानकाचा शिक्का लागतो. उष्णता प्रक्रियेत लाकडाचा गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवलेला असावा लागतो. प्लायवुडला ही अट नसते. हस्तिदंत, प्रवाळ, काही जातींचे शिसवी लाकूड किंवा प्राण्यांचे अवशेष कलाकृतीत असतील, तर संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील साइट्स या आंतरराष्ट्रीय करारानुसार परवाने लागू शकतात. म्हणून ‘मिश्र माध्यम’ या लेबलवर विसंबू नये. त्या मिश्रणात काय काय आहे, हे कलावंताला विचारावे.

स्थिती अहवाल किमान चार वेळा भरावा: निघताना, पोहोचल्यावर, उतरवण्यापूर्वी आणि परत पोहोचल्यावर. ‘कागद किंचित खराब’ ही नोंद वादाच्या वेळी कामाची नाही. ‘पुढील बाजू, उजव्या कडेवर, वरच्या कोपऱ्यापासून ४ सेंमी खाली, आत जाणारी ७ मिमी लांबीची चीर, रंगथर शाबूत, जुनी’ अशी नोंद आणि मोजपट्टी शेजारी धरून काढलेले छायाचित्र असले, की वाद उद्भवत नाही.

तपासणी: मालकाची सही, विम्याचे प्रमाणपत्र आणि सीमाशुल्काचे कागद हे तिन्ही हातात आल्याखेरीज गाडी सांगू नये.

७. मांडणी

क्रेट आल्याबरोबर उघडू नये. आतले आणि बाहेरचे हवामान जुळण्यासाठी ते साधारण २४ तास दालनातच बंद ठेवतात. त्याआधी भिंती, रंग आणि वीज यांचे काम संपून रंगाचा वास गेलेला असावा. नंतर प्रोजेक्टर आणि ध्वनी, मग जड शिल्पे आणि मांडणशिल्पे, मग भिंतीवरील कामे, त्यानंतर प्रकाश आणि शेवटी लेबले. प्रकाश आधी लावला तर एखादी कलाकृती हातभर सरकली की सगळे दिवे पुन्हा वळवावे लागतात.

भिंतीवरील कामांचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंमीवर धरतात. कलावंताने वेगळी उंची सांगितली असेल, तर तीच पाळावी. चाकाच्या खुर्चीतील प्रेक्षक सर्वत्र जाऊ शकतो का आणि वळू शकतो का, हे स्वतः फिरून पाहावे. प्रस्तावनेचा मजकूर १५० शब्दांत आटोपावा आणि उभ्याने मोठ्याने वाचून पाहावा. जिथे श्वास अडखळतो, तिथे वाचक निघून जातो.

सावधान: ठरलेल्या मांडणीत कलावंताला न कळवता बदल करू नये, मग तो कितीही शोभिवंत दिसो.

८. उद्घाटनानंतर

उद्घाटनाच्या आठवड्यातच, गर्दी नसताना, प्रत्येक भिंतीची आणि प्रत्येक कलाकृतीची व्यावसायिक छायाचित्रे काढून घ्यावीत आणि त्यांच्या वापराची लेखी परवानगी कलावंत व छायाचित्रकार या दोघांकडूनही घ्यावी. पुढच्या संस्थेला तुमचे काम दिसणार आहे ते याच छायाचित्रांतून. ज्यांना आमंत्रण द्यायचे त्या क्युरेटरांना उद्घाटनापेक्षा नंतरच्या एखाद्या शांत दुपारी बोलवावे आणि स्वतः सोबत फिरावे. दोन-तीन प्रदर्शने पूर्ण झाल्यावर समकालीन कलेच्या क्युरेटरांची आंतरराष्ट्रीय संघटना असलेल्या आयकेटीच्या सदस्यत्वाचा विचार करावा.

प्रदर्शन उतरवताना क्रम नुसता उलटवू नये: आधी लेबले आणि दिवे नव्हे, तर स्थिती अहवाल. कलाकृती भिंतीवर असतानाच त्याच प्रकाशात तपासावी, मगच उतरवावी. कार्नेवर पुनर्निर्यातीचा शिक्का देश सोडतानाच मारून घ्यावा. तो राहिला, तर वस्तू परत गेल्याचे सिद्ध करण्यासाठी महिनोन्महिने पत्रव्यवहार करावा लागतो आणि तोवर कार्नेसाठी ठेवलेली हमीची रक्कम अडकून राहते. शेवटच्या क्रेटची पोच मालकाच्या सहीसह आली, की सर्व अहवाल, करार आणि छायाचित्रे एका फोल्डरमध्ये ठेवून त्यांची प्रत कलावंतांना द्यावी, आणि राहिलेले मानधन कोणाचे किती बाकी आहे याचे स्मरणपत्र संस्थेला त्याच दिवशी पाठवावे.